तीसचा आकडा आणि आमचं पाणी

प्लँटेड टँकचा नाद असलेल्या कुणालाही विचारा, पाण्यात कार्बन डायऑक्साइड किती पाहिजे? उत्तर पाठ असतं. ३० पीपीएम, म्हणजे लिटरमागे ३० मिलिग्रॅम. व्हिडिओत तेच, दुकानात तेच, व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच. या आकड्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते तो आकडा गाठायची जी कृती त्याच्यासोबत फुकट वाटली जाते तिच्याशी. ती कृती किल्लारीच्या बोअरच्या पाण्यात जशीच्या तशी केली, तर दुपारपर्यंत मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागतात आणि संध्याकाळी उलटे तरंगतात. मग सांगितलं जातं, "दादा, तुमच्या पाण्यातच काहीतरी प्रॉब्लेम असेल."

हे वाक्य मला सहन होत नाही. ते ऐकून औसा, निलंगा, लोहारा भागातल्या कितीतरी पोरांनी टाकी माळ्यावर टाकली असेल आणि आपल्यालाच जमलं नाही असं धरून चालली असतील. पाण्यात काही बिघाड नाही. पाणी आमचं आहे, कृती दुसऱ्याच्या पाण्याची आहे.

ज्यांना हा छंद ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: प्लँटेड टँक म्हणजे माशांच्या टाकीत प्लास्टिकऐवजी खरी झाडं. झाडांना वाढायला प्रकाश लागतो, खत लागतं आणि कार्बन लागतो. हवेच्या संपर्कात असलेल्या साध्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड लिटरमागे जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असतो. म्हणून हौशी लोक सिलिंडर लावून तो पाण्यात सोडतात. याला सगळे सीओटू म्हणतात, मीही तेच म्हणतो. पाणी स्वच्छ राहावं म्हणून फिल्टर असतो. मोठ्या टाक्यांना कॅनिस्टर, म्हणजे टाकीखाली ठेवलेला बंद डबा. त्यात पाणी खाली जातं, स्पंज आणि सच्छिद्र खड्यांतून फिरतं, आणि पंपाने वर येतं.

ही सगळी शैली जगभर नेली ती ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकाराने. निगाता प्रांतातला माणूस, आधी व्यावसायिक सायकलपटू. त्याने १९८२ साली स्वतःची कंपनी काढली आणि नव्वदच्या दशकात त्याच्या पुस्तकांतले फोटो पाहून जग वेडं झालं. मीही त्याचा चाहता आहे. काचेच्या पेटीत डोंगरउतार उभा करणं आणि तो हिरव्या गालिच्याने झाकणं ही कमाल आहे. पण जपानचं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ आहे. मुंबईचं तानसा, वैतरणा, भातसाचं पाणीही मऊ, पुण्याचं खडकवासल्याचंही. आणि मराठीत हा छंद शिकवणारे बहुतेक सर आणि भाऊ या दोन शहरांतले. त्यांनी जे केलं ते त्यांच्या नळाला चाललं. प्रामाणिकपणे चाललं. फक्त आपल्या नळाचा पत्ता सांगायला ते विसरले.

आता आमच्या पाण्याचा पत्ता. किल्लारी म्हटलं की लोकांना एकच गोष्ट आठवते, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. त्या भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल विंधनविहीर घेतली. वरचे ३३८ मीटर निव्वळ बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, थरावर थर. बोअरचं पाणी या खडकाच्या भेगांतून येतं. पाऊस जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतो, त्याचं सौम्य आम्ल होतं, ते आम्ल खडक हळूहळू खातं, आणि पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट उतरतं. घरात याची ओळख वेगळ्या नावाने होते. पाणी जड आहे. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही, गिझरची कॉइल पांढरी पडते, बादलीला कडा येतात.

यातलं बायकार्बोनेट किती, ते ज्या आकड्याने सांगतात तो केएच. मऊ पाण्यात तो दोन, तीन, चार असतो. जड बोअरच्या पाण्यात पंधरा आला तर दचकायचं कारण नाही. आणि इथेच तीसच्या आकड्याची कृती घात करते.

कृती अशी सांगतात: सीओटू सोडत जा, पीएच ६.६ पर्यंत खाली आला की थांब, तुझे ३० पीपीएम झाले. केएच ४ असेल तर हे अगदी बरोबर आहे. छंदातलं सूत्र सोपं आहे. केएच गुणिले तीन, आणि त्याला दहाचा घात सात वजा पीएच याने गुणायचं. ४ गुणिले ३ बारा, दहाचा ०.४ घात अडीच, झाले तीस. आता केएचच्या जागी १५ घाला. पीएच तोच, ६.६. उत्तर येतं ११३. तीसच्या जवळजवळ चौपट. जड पाण्याला ६.६ पर्यंत ओढायचं म्हणजे त्यात गॅस कोंबत राहावं लागतं, आणि पोरगं बिचारं बघत असतं की बुडबुडे एवढे सोडतोय तरी पीएच उतरत कसा नाही, म्हणून व्हॉल्व्ह आणखी फिरवतं. केएच १५ असताना तीसच्या आसपास राहायचं तर पीएच ७.२ वरच थांबायला हवं. सात पूर्णांक दोन हे शब्द मी एकाही मराठी व्हिडिओत ऐकलेले नाहीत.

एवढ्या सीओटूत माशाला काय होतं? त्याच्या रक्तात आम्लता वाढते आणि हिमोग्लोबिनची ऑक्सिजन धरायची ताकद घटते. पाण्यात ऑक्सिजन भरपूर असला तरी मासा गुदमरतो. बघणाऱ्याला वाटतं हवा कमी पडली.

यात मला सगळ्यात जास्त काय खुपतं ते सांगतो. हे गणित लातूरच्या पोरांना शिकवायची गरजच नाही. लातूर पॅटर्नचा गवगवा आहे. नीटच्या तयारीत बफरचं समीकरण झोपेत विचारलं तरी येतं: पीएच बरोबर पीकेए अधिक लॉग. कार्बोनिक आम्लाचा पीकेए ६.३५ च्या आसपास, हेही पाठ. रक्तातला बायकार्बोनेट बफर जीवशास्त्रात वेगळा, रसायनशास्त्रात वेगळा, दोनदा केलेला. आणि तोच मुलगा खोलीवर येऊन दोन फुटांच्या टाकीसमोर बसला की समीकरण विसरतो आणि रील बघून व्हॉल्व्ह फिरवतो. आपण परीक्षेसाठी शिकलेलं घरातल्या पाण्याला लावायचं असतं असं आपल्याला कुणी सांगितलेलंच नाही.

याहून भयंकर गोष्ट ड्रॉप चेकरची. काचेचं छोटं बोंडूक असतं, त्यात रंगद्रावण, टाकीत आत चिकटवायचं. निळं म्हणजे सीओटू कमी, हिरवं म्हणजे बरोबर, पिवळं म्हणजे जास्त. उपकरण छान आहे, फक्त ते तासा-दोन तासांनी मागे चालतं. पण त्याच्या आत केएच ४ चं तयार केलेलं द्रावण भरायचं असतं. टाकीचं पाणी नाही. रंग हिरवा होतो तो ६.६ ला, आणि ६.६ म्हणजे ३० हे फक्त केएच ४ लाच खरं. किती दुकानांत सांगतात, "टाकीचंच पाणी घ्या आणि निळ्या बाटलीतले तीन थेंब टाका"? जड पाण्यात असं केलं की ड्रॉप चेकर हिरवागार दाखवतो तेव्हा सीओटू शंभराच्या वर गेलेला असतो. धोक्याची सूचना द्यायला लावलेली वस्तू सगळं ठीक आहे असं सांगत राहते आणि मासे मरतात.

सोयाबीन आडतीवर नेलं की भाव बोलायच्या आधी ओलावा मोजतात. टाकी विकताना पाण्याचा केएच मोजत नाहीत. मोजायचं किट त्या सिलिंडरच्या मानाने कितीतरी स्वस्त आहे, पण ते दुकानात मिळेलच असं नाही. रेग्युलेटर मात्र काचेच्या कपाटात लायटिंग लावून मांडलेले.

पाण्यानंतर लाईट. इथे लाईट म्हणजे वीज, हे पुण्याच्या वाचकांनी समजून घ्यावं.

सीओटू दिवसाच सोडायचा असतो. रात्री झाडं तो वापरत नाहीत, उलट सोडतात. म्हणून सिलिंडरवर सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडझाप करणारा व्हॉल्व्ह, आणि त्याला टायमर. लाईट गेली की सोलेनॉइड बंद होतो, इथपर्यंत ठीक. पण स्वस्त टायमर चाकाचा असतो आणि लाईट गेली की चाक थांबतं. रोज तीन तास लाईट गेली तर चार दिवसांत टायमर बारा तास मागे पडला. सकाळी दहाला सुरू होणारा सीओटू रात्री दहाला सुरू होतो. दिवा त्याच टायमरवर असेल तर निदान रात्री उजेड दिसून लक्षात येईल. पण दिव्याला त्याचा स्वतःचा बॅटरीवाला टायमर असतो, तो वेळ चुकत नाही. मग अंधारात, झाडं आणि मासे दोघंही श्वास सोडत असताना, सिलिंडर आणखी गॅस ओततो. पहाटे मासे गेले. टायमर बनवणाऱ्याने लाईट जाते असं गृहीत धरलेलं नाही, आणि विकणाऱ्याने आठवण करून दिलेली नाही.

उन्हाळ्याचं तर वेगळंच. कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो, पण ३१ अंशांपर्यंतच. त्याच्या वर द्रव आणि वायू हा भेद मिटतो आणि दाब चढत जातो. एप्रिल-मेमध्ये किल्लारीत घरात ३१ अंश ही थंड वेळ असते. स्वस्त रेग्युलेटरला हा चढता दाब नीट पेलत नाही, बुडबुड्यांचा वेग आपोआप बदलतो. सिलिंडर संपत आला की उलट गंमत: आतला दाब पडतो आणि एकेरी टप्प्याचा रेग्युलेटर बाहेरचा दाब वाढवून बसतो, उरलासुरला गॅस एकदम टाकीत. त्यातच पाणी तापलेलं. २५ अंशांना पाण्यात लिटरमागे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ अंशांना ७.३. माशाची गरज उन्हात वाढलेली, पुरवठा घटलेला.

सिलिंडर परवडत नाही त्यांच्यासाठी जुगाड सुचवतात तो साखर आणि यीस्टचा. बाटलीत साखरेचं पाणी, चिमूट यीस्ट, झाकणातून नळी टाकीत. साखर कारखान्याच्या गावात साखरेचा तुटवडा नाही. एक किलो साखरेतून, हिशेबाने, अर्धा किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड निघू शकतो. पण या बाटलीला बंद करायची कळ नाही. ती रात्रीही चालते, लाईट गेली तरी चालते, उन्हाळ्यात दुप्पट जोराने चालते, आणि नळीला गाठ मारली तर फुटते. मुलांना पहिल्यांदा हेच शिकवलं जातं, स्वस्त म्हणून. माझ्या मते संपूर्ण छंदातलं हे सगळ्यात बेजबाबदार शिक्षण आहे.

फिल्टरचंही तसंच. गंमत अशी की फिल्टर म्हणजे मशीन हा समजच अर्धवट आहे. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. स्पंजवर आणि खड्यांवर वाढलेले जीवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. काम जीवाणूंचं, पंप फक्त त्यांना पाणी आणि ऑक्सिजन पोहोचवतो. बाटलीतले जीवाणू विकताना अजूनही नायट्रोबॅक्टरचं नाव घेतात. टाक्यांमध्ये नायट्राइटचं काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतो हे १९९८ सालीच दाखवलं गेलंय. पण ते राहू द्या.

कॅनिस्टर बंद डबा आहे. लाईट गेली की आतलं पाणी थांबतं, जीवाणू आतला ऑक्सिजन काही तासांत संपवतात, मग मरायला आणि कुजायला लागतात. लाईट आली की पंप ते सगळं टाकीत ओततो. लाईट येणं हाच अपघात. मऊ पाण्यात हे निभतं, कारण पीएच ७ ला अमोनियाचा विषारी भाग शंभरातला एकही नसतो. आमच्या जड पाण्याचा पीएच ८.२ असेल तर उन्हाळ्यात तोच भाग दहाच्या आसपास जातो. तोच फिल्टर, तेवढीच घाण, आणि विष दहापट. म्हणजे ज्या फिल्टरला लाईट जाणं सोसत नाही, तो विकला जातो जिथे लाईट जाते आणि जिथे त्याचं बिघडणं सगळ्यात महाग पडतं तिथे.

उपाय हास्यास्पद वाटावा इतका स्वस्त आहे. हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर. तो टाकीत उघडा असतो, लाईट गेली तरी त्याच्याभोवती पाणी आणि झाडं असतात. त्याला बॅटरीवाला हवेचा पंप लावा, लाईट गेली की आपोआप सुरू होणारा, काही शे रुपयांत मिळतो. मग लगेच आक्षेप येतो, "प्लँटेड टँकमध्ये हवा सोडायची नसते, सीओटू उडून जातो." सिलिंडर लावला असेल तर खरं आहे. सिलिंडर नसेल तर उलट. झाडं दुपारपर्यंत पाण्यातला सीओटू हवेतल्या पातळीच्याही खाली नेतात आणि पाणी हललं की हवेतून नवा येतो. म्हणजे ज्याने सिलिंडर घेतलाच नाही त्यालाही सिलिंडरवाल्याचा नियम लावला जातो. शिवाय झाडं स्वतःच फिल्टर आहेत. नायट्रेटपेक्षा अमोनियम त्यांना सोपं जातं, जीवाणूंच्या आधी तीच खातात. डायना वॉलस्टॅड या अमेरिकन बाईंनी १९९९ साली यावर अख्खं पुस्तक लिहिलं. साधी माती, थोडा दिवा, भरपूर झाडं. त्यांनी दिव्याला दुपारी सुट्टी द्यायला सांगितलं, म्हणजे मधल्या काही तासांत पाण्यातला सीओटू पुन्हा भरतो. टाकीला वामकुक्षी. मराठी माणसाला हे पटायला काय हरकत आहे कळत नाही.

आता पाण्याच्या बदलीबद्दल, आणि इथे मी जरा आवाज चढवणार आहे.

सीओटू, तेज दिवा आणि रोज खत या पद्धतीत दर आठवड्याला अर्धं पाणी बदलायला सांगतात. तीन फुटी टाकीत साधारण १८० लिटर, म्हणजे आठवड्याला ९०. पाणी जड आहे म्हणून "आरओचं वापरा" असा वर सल्ला. घरगुती आरओ एक लिटर देताना तीनेक लिटर मोरीत सोडतो. म्हणजे ९० लिटरसाठी आणखी २७० वाया. दर आठवड्याला. २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून साडेतीनशे किलोमीटर रेल्वेने पाणी आलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. आज हे वाचणारे बरेच जण तेव्हा शाळेत होते, घागरी घेऊन रांगेत उभे होते. त्याच घरातल्या काचेच्या पेटीतल्या गालिच्यासाठी आठवड्याला साडेतीनशे लिटर उपसा असं कुणी सहज सांगतं, आणि आपण मान डोलावतो.

"छंद आहे, पैसा त्याचा, तुम्ही कोण?" असं कुणी म्हणेल. पैसा त्याचा, मान्य. पाणी त्याच्या एकट्याचं नाही, बोअर शेजाऱ्याच्याही विहिरीतून ओढतं. आणि माशाचा जीव तर कुणाच्याच पैशाचा नाही. शिवाय ते बदललेलं पाणी आमच्याकडे बऱ्याच ठिकाणी आधीच नायट्रेटने भरलेलं निघतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत नांदेड आणि बीड ही नावं नायट्रेटसाठी येतात. नायट्रेट काढायला नायट्रेटचं पाणी घालायचं.

बाहेरून आलेला आराखडा आम्हाला नवा नाही. भूकंपानंतर ५२ गावं उठवून नव्या जागी वसवली, जागतिक बँकेचं कर्ज, सरळ आखलेले रुंद रस्ते, एका मापाची घरं रांगेत. दगडमातीच्या भिंतींखाली माणसं मेली होती, तेव्हा भक्कम घर हवंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण बैल कुठे बांधायचा, ओट्यावर बसलेल्या म्हातारीला गल्ली कशी दिसणार, याचा विचार त्या कागदावर नव्हता. लोकांनी नंतर पत्रे टाकून, भिंती वाढवून आपापलं घर केलं. माशाच्या टाकीची तुलना त्याच्याशी करणं कुणाला थिल्लर वाटेल, वाटू दे. सवय तीच आहे: आराखडा तिकडचा, आणि बसला नाही तर चूक इथल्या माणसाची.

तर मग जड पाण्यात काय करायचं? पहिल्यांदा हे ध्यानात घ्यायचं की कार्बन आपल्या पाण्यात आधीच विरघळलेला आहे. खडकाने तो बायकार्बोनेट करून ठेवलाय. सगळ्या झाडांना तो घेता येत नाही. अमानोच्या गालिच्याच्या झाडांना बहुतेक येत नाही. हायड्रिलाला येतो, व्हॅलिस्नेरियाला येतो, हॉर्नवर्टला येतो. आणि ही तिन्ही आपल्या तळ्यांत, कालव्यांत वाढतात, लोक शेवाळ म्हणून उपटून टाकतात. शाळेतला प्रयोग आठवा. चंचुपात्रात हायड्रिला, वर उलटं नरसाळं, त्यावर परीक्षानळी. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की बुडबुडे वाढतात. तो सोडा म्हणजे बायकार्बोनेटच. आमचं पाणी म्हणजे बोअरमधूनच सोडा घालून आलेलं चंचुपात्र.

हायड्रिलाकडे आणखी एक युक्ती आहे. सीओटू फारच कमी झाला की ते सी-४ पद्धतीवर जातं. म्हणजे कार्बन आधी वेगळ्या मार्गाने पकडून पेशीत साठवायचा आणि मग वापरायचा. हीच पद्धत उसाची. ऊस ती कायम वापरतो, हायड्रिला गरज पडली तरच. उसाच्या शिवारात राहून आपण त्याच जातीची युक्ती जाणणारं झाड कालव्यातून उपटून फेकतो आणि लाल पानांचं रोटाला परदेशी लेबलखाली मागवतो. तेही गमतीचं. रोटाला मॅक्रँड्रा मुळात दक्षिण भारतातलं. हायग्रोफिला पॉलिस्पर्मा आपलंच. परदेशी रोपवाटिकेत जाऊन आलं की भाव येतो. फक्त याचा अर्थ कासच्या पठारावर जाऊन वायतुरा उपटून आणावा असा कुणी काढू नये. तो तिथेच आणि तेवढाच आहे, आणि जड पाण्यात तो जगणारही नाही.

मासे? गप्पी. नाक मुरडू नका. डासांच्या अळ्या खायला आरोग्य खातं हौदात सोडतं तेच. जड पाणी त्यांना आवडतं, मोलीलाही. मूळचे ते दक्षिण अमेरिकेचे, म्हणून तेरणेत नेऊन सोडायचे नाहीत, एवढं पाळा. तळाला नदीची वाळू, तिच्याखाली पातळ थर मातीचा. नुसती काळी माती घातली तर फुगते, पाणी गढूळ करते. तीत चुनखडीचे खडे असतात ते वेचून काढा, लिंबू पिळून पाहा, फसफसलं तर चुनखडी. उडालेलं पाणी भरताना बोअरचं घालू नका, क्षार साठत जातात. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी ड्रममध्ये धरा, पहिला पाऊस सोडून. पानांवर पांढरं पुट चढलं तर घाबरू नका, झाड बायकार्बोनेट खातं तेव्हा चुना मागे उरतो.

यालाही मर्यादा आहेत. गालिचा होणार नाही, लाल रंग चढणार नाही, तीस दिवसांत जंगल दिसणार नाही. रीलला हे चालत नाही, कारण तीन महिने काही घडतच नाही. मे महिन्यात रात्री लाईट गेली तर गच्च भरलेल्या टाकीतही ऑक्सिजन कमी पडू शकतो, म्हणून तो बॅटरीवाला पंप सोडायचा नाही. आणि कुणी याला गरिबाची टाकी म्हणेल. म्हणू दे. सिलिंडर लावलेल्या टाकीत कला आहे हे मी मघाशीच मान्य केलंय. ज्याला ती साधायचीय त्याने साधावी, पण स्वतःचा केएच मोजून, दिवा आणि सोलेनॉइड एकाच बॅटरीवाल्या टायमरवर ठेवून, आणि पीएच कुठे थांबवायचा ते स्वतः काढून. शिकवणाऱ्यांकडून मागणं एकच. व्हिडिओच्या पहिल्या दहा सेकंदांत सांगा: माझ्या नळाचा केएच इतका, माझ्याकडे लाईट इतके तास. मग बाकीचं खुशाल सांगा.

ज्यांच्या टाकीत आत्ता, हे वाचताना, सीओटू चालू आहे त्यांनी आधी ड्रॉप चेकर बघा. टाकीचं पाणी भरलं असेल तर व्हॉल्व्ह बंद करा. बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणा, खाण्याचा सोडा घ्या, बेकिंग पावडर नव्हे. सोनाराकडे जाऊन १.२ ग्रॅम सोडा तोलून घ्या, तो हसेल, हसू द्या. तो एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. त्यातलं १०० मिलिलिटर घेऊन आणखी ९०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी घाला. हे झालं केएच ४ चं द्रावण, वर्षभर पुरेल. ते ड्रॉप चेकरमध्ये भरा, निळे थेंब टाका, आणि मग व्हॉल्व्ह उघडा, आधीच्या निम्म्याने.